निधी संकलनातली मजा नेमकी कुठे आणावी?

सामाजिक कामांसाठी निधी गोळा करणाऱ्या उपक्रमांत मी बरीच वर्षे कधी स्वयंसेवक म्हणून, तर कधी आयोजकांपैकी एक म्हणून सहभागी होत आलो आहे. उपक्रम रंजक कसा करावा हा विषय बैठकीत निघाला की चर्चा बहुधा गाण्यांचा कार्यक्रम, प्रसिद्ध पाहुणा, टी-शर्टचा रंग आणि बक्षिसे यांच्याभोवती फिरत राहते. या गोष्टी वाईट नाहीत. पण सहभागी माणसाची खरी अडचण जिथे असते, तिथे त्यांचा काहीच उपयोग होत नाही. धावायला, चालायला, सायकल चालवायला लोक हौसेने तयार होतात आणि नावनोंदणीही उत्साहाने होते. ओळखीच्या माणसाकडे पैसे मागायची वेळ आली की मात्र गाडी अडते. मग कित्येकजण देणगीची लिंक कुणालाही न पाठवता स्वतःच्याच खिशातून काही रक्कम भरतात आणि विषय संपवतात. त्यांना काम पटलेले नसते असे नाही, त्यांना मागण्याचा संकोच वाटत असतो. म्हणून मजा आणायचीच असेल, तर ती सर्वांत आधी मागण्याच्या कृतीत आणली पाहिजे, असे माझे मत बनले आहे.

जगभर गाजलेले उपक्रम या दृष्टीने पाहिले, तर त्यांच्या यशाचे एक कारण स्पष्ट दिसते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात २००३ साली ३० जणांनी केवळ गंमत म्हणून नोव्हेंबर महिन्यात मिशा वाढवल्या आणि पुढच्या वर्षी त्याच गमतीला प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी निधी जमवण्याची जोड दिली. आज ‘मोव्हेंबर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमाची सगळी चतुराई एकाच गोष्टीत आहे : विषय सहभागी माणसाला काढावाच लागत नाही. एरवी गुळगुळीत दाढी करणाऱ्या सहकाऱ्याच्या ओठांवर एकाएकी विचित्र मिशी दिसू लागली की समोरचाच कारण विचारतो आणि उत्तर देता देता देणगीचे आवाहन होऊन जाते. अर्थात जिथे निम्मे पुरुष मिशीवालेच आहेत तिथे ही युक्ती फारशी चालणार नाही. कृती कोणती हे महत्त्वाचे नाही. ती पाहणाऱ्याने आपणहून प्रश्न विचारावा, इतकी ती त्या ठिकाणी वेगळी दिसली पाहिजे.

२०१४ सालच्या ‘आइस बकेट चॅलेंज’ने हेच काम दुसऱ्या वाटेने केले. डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घ्यायचे, पुढच्या काही जणांची नावे जाहीरपणे घ्यायची आणि त्यांनी चोवीस तासांत आव्हान स्वीकारायचे किंवा देणगी द्यायची, असा साधारण नियम होता. अनेकांनी दोन्ही केले. इथे मागणे हाच खेळाचा भाग होता, त्यामुळे मागणाऱ्याला याचक झाल्यासारखे वाटले नाही. त्या उन्हाळ्यात एएलएस या चेतापेशींच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील संघटनेकडे ११ कोटी ५० लाख डॉलर जमा झाले. मात्र पुढच्या वर्षी तोच खेळ पुन्हा मांडला गेला तेव्हा प्रतिसाद त्याच्या आसपासही फिरकला नाही. नवलाईवर उभा असलेला खेळ दर वर्षी त्याच जोराने चालेल असे गृहीत धरून अंदाजपत्रक आखणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

मागणे सोपे करण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे मागणीच इतकी लहान आणि नेमकी ठेवणे की ती करताना कुणाला अवघडल्यासारखे होऊ नये. हाडांच्या कर्करोगामुळे एक पाय गमावलेल्या टेरी फॉक्सने १९८० साली कृत्रिम पायाच्या आधारे कॅनडा आडवा धावून पार करायला सुरुवात केली आणि धावता धावता प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर मिळावा, असे उद्दिष्ट त्याने पुढे ठेवले. १४३ दिवस धावून आणि ५,३७३ किलोमीटर अंतर कापून, आजार उलटल्यामुळे त्याला थांबावे लागले. परंतु १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत देशाच्या लोकसंख्येइतके, म्हणजे सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर जमले होते. एक डॉलर मागण्यात संकोच कसला? ब्रिटनमध्ये २०२० साली ९९ वर्षांच्या टॉम मूर यांनी शंभराव्या वाढदिवसाच्या आत चालण्याच्या आधाराने आपल्या बागेत २५ मीटरच्या १०० फेऱ्या मारण्याचे ठरवले, तेव्हा त्यांचे उद्दिष्ट अवघे १,००० पौंडांचे होते. प्रत्यक्षात ३ कोटी २० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमा झाली. या दोघांच्याही बाबतीत बोलण्याचे बरेचसे काम त्यांच्या कष्टांनीच केले. क्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डर शफीर या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही असेच दिसले, की देणगीसाठी कष्ट किंवा वेदना सोसावी लागणार असेल तर लोक अधिक रक्कम द्यायला तयार होतात. त्यामुळे उपक्रम अगदी आरामशीर केला म्हणजे तो आकर्षक होईल, ही समजूत मला चुकीची वाटते. कष्ट असावेत, मात्र किती आणि कोणते, हे ज्याचे त्याने ठरवावे. एखाद्यासाठी ते दहा किलोमीटर असतील, तर एखाद्यासाठी जिन्याच्या दहा पायऱ्या.

बक्षिसांविषयी मात्र मी फारच साशंक आहे. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी २००० साली इस्रायलमधील शाळकरी मुलांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. दारोदार जाऊन देणग्या गोळा करणाऱ्या मुलांचे तीन गट होते. एका गटाला काहीच मोबदला नव्हता, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या एक टक्का आणि तिसऱ्याला दहा टक्के मोबदला मिळणार होता. तो देणग्यांतून कापला जाणार नव्हता. सर्वांत जास्त रक्कम विनामोबदला काम करणाऱ्यांनी जमवली आणि सर्वांत कमी एक टक्कावाल्यांनी. मला यातून दिसते ते असे, की मागण्यामागे आपला किरकोळ का होईना फायदा आला की मागणाऱ्याच्या आवाजातला विश्वासच डळमळतो. ‘सर्वाधिक रक्कम जमवणाऱ्यास पारितोषिक’ या प्रथेत आणखी एक दोष आहे. ते पारितोषिक बहुधा ज्याचे नातेवाईक श्रीमंत त्यालाच मिळते आणि बाकीच्यांना आपण आधीच हरलो आहोत हे पहिल्या आठवड्यातच कळते. गौरव करायचाच असेल तर किती माणसांशी बोलणे झाले याचा करावा, पहिल्यांदाच देणगी देणारा कुणी आणला त्याचा करावा, सर्वांत मजेदार नकार कुणाला मिळाला याचाही करावा. नकार हसण्यावारी नेण्याची सोय असली की पुढचा फोन लावणे जड जात नाही.

आकडे कसे मांडले जातात यावरही मागणाऱ्याचे बळ अवलंबून असते. जॉन लिस्ट आणि डेव्हिड लकिंग-रायली यांच्या २००२ सालच्या अभ्यासात, उद्दिष्टाच्या १० टक्क्यांऐवजी ६७ टक्के रक्कम आधीच हाती असल्याचे कळवल्यावर एकूण देणग्या जवळजवळ सहापट झाल्या. म्हणून शून्याचा फलक लावून उद्घाटन करणे मला पटत नाही. काही मोठ्या देणगीदारांशी आधीच बोलून घ्यावे आणि निम्म्याहून पुढे सरकलेला आकडा सहभागींच्या हाती द्यावा. ‘सुरुवात करून द्या’ म्हणण्यापेक्षा ‘एवढेच राहिले आहे’ म्हणणे कितीतरी सोपे असते. एखाद्या देणगीदाराने प्रत्येक देणगीइतकीच रक्कम स्वतः घालण्याचे कबूल केले, तर आजच का द्यायचे याचेही कारण मिळते. मात्र दुप्पट-तिप्पट रक्कम घालण्याच्या घोषणेने त्यापेक्षा अधिक काही साधत नाही, असे डीन कार्लन आणि जॉन लिस्ट यांच्या २००७ सालच्या प्रयोगात आढळले होते.

एवढे करूनही काहींना मागणे जमत नाहीच, आणि त्यांना बळेच पुढे ढकलणे हा छळ आहे. त्यांना हिशेबाचे, छायाचित्रांचे, आभारपत्रे लिहिण्याचे काम द्यावे आणि त्याची नोंद इतरांच्या बरोबरीने घ्यावी.

उपक्रम संपल्यानंतर बहुतेक आयोजक स्वतः दमतात आणि सहभागींना विसरून जातात, याचा मला राग येतो. ज्या माणसाने आपल्या वीस ओळखीच्यांकडे शब्द टाकला, त्याला त्या वीस जणांना सांगता येईल असे काहीतरी हवे असते. बर्फाच्या बादल्यांतून आलेल्या पैशाचा एक भाग ज्या संशोधनाला मिळाला होता, त्यातून २०१६ साली एएलएसशी संबंधित एनईके-१ या जनुकाची माहिती पुढे आली आणि ती बातमी कितीतरी जणांनी आपला जुना, ओलाचिंब व्हिडिओ जोडून पुन्हा मित्रांना पाठवली असेल. दर उपक्रमाच्या हाती जनुक लागणार नाही. पण किती रक्कम जमली, त्यातली आयोजनावर किती खर्च झाली आणि उरलेल्या रकमेतून कोणते काम उभे राहिले, एवढा मजकूर छायाचित्रासह तीन महिन्यांच्या आत प्रत्येक सहभागीच्या हाती पडला, तर पुढच्या वर्षी त्याच वीस जणांना फोन करताना संभाषणाची सुरुवात त्याला पैशांपासून करावी लागत नाही.