पॅरिसची सीन बोटीतून : मे महिन्यात संध्याकाळ दहाला होते

मे महिन्याच्या सुट्टीत पॅरिसला जाणाऱ्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘संध्याकाळी ७ : सीन नदीवर बोटसफर’ अशी ओळ हमखास असते. ती वाचली की मला पहिल्यांदा आठवतो तो सूर्य. पंधरा मेच्या सुमारास पॅरिसमध्ये सूर्य मावळतो नऊ वाजून वीस मिनिटांच्या आसपास. सात वाजता तिथे आपल्याकडच्या पाच वाजल्यासारखं लख्ख ऊन असतं. बोट चांगली, नदी चांगली, इमारती जागच्या जागी, पण ज्या दिव्यांसाठी ही सफर घ्यायची त्यातला एकही लागलेला नसतो. लोक तासभर डोळे किलकिले करून बसतात आणि परत येऊन सांगतात, ठीक आहे, फार काही नाही.

म्हणून तिकिटाआधी सूर्यास्ताची वेळ बघावी. एकवीस जूनला सूर्य मावळतो दहाला दोन-तीन मिनिटं कमी असताना. एप्रिलच्या मध्यावर पावणेनऊच्या आत, सप्टेंबरअखेर साडेसातच्या पुढे, ऑक्टोबरच्या मध्यावर सातच्या सुमारास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आली असेल तर साडेपाचलाच अंधारायला लागतं. नाताळात पाचच्या आधी सूर्य गेलेला असतो. सातची बोट तेव्हा अगदी योग्य. जूनमध्ये तीच वेळ निरुपयोगी.

सगळ्यात उत्तम बोट सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी सुटणारी. सफर साधारण तासाभराची असते. पहिला अर्धा तास आकाश गडद निळं असतं, इमारतींच्या कडा स्पष्ट दिसतात आणि दिवे एकेक करून लागलेले असतात. उरलेला अर्धा तास पूर्ण रात्र. एकाच तिकिटात दोन्ही मिळतं. काळ्याकुट्ट आकाशापुढे नोत्र दाम चर्चचे मनोरे तेवढे उठून दिसत नाहीत जेवढे त्या निळ्या आकाशापुढे दिसतात.

आता आयफेल टॉवरचं गणित. अंधार पडला की टॉवरचा सोनेरी प्रकाश लागतो आणि मग दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं वीस हजार छोटे दिवे लुकलुकतात. हे लुकलुकणं बोटीतून बघायचं असेल तर ठोक्याला बोट टॉवरजवळ असायला हवी, आणि ते बोट कुठून सुटते यावर ठरतं. मोठे धक्के तीन. एक टॉवरच्या पायथ्याशी, बूर्दोने बंदरावर. तिथून ‘बातो पारिझियाँ’च्या बोटी निघतात. दुसरा नदीपलीकडे आल्मा पुलाजवळ. तो ‘बातो मूश’चा, १९४९ सालापासून चालू असलेला. तिसरा शहराच्या मध्यात, पाँ नफ या पुलाजवळ, ईल द ला सिते या बेटाच्या पश्चिम टोकाला; तिथून ‘वेदेत द्यु पाँ नफ’च्या बोटी सुटतात.

टॉवरच्या पायथ्यावरून निघालात तर बरोबर ठोक्याची बोट धरा. निघताना एकदा आणि तासाने परतताना पुन्हा, असं दोनदा दिसायची शक्यता असते. तिथली साडेनऊची किंवा साडेदहाची बोट घेतली तर ठोक्याला तुम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, ईल साँ-लुई बेटामागे असता. तिथून टॉवर दिसत नाही. आल्मावरून निघणारी बोट आधी प्रवाहाच्या वर जाते आणि टॉवरकडे शेवटी येते, साधारण पाऊण तासानंतर. म्हणून तिथे ठोक्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी सुटणारी बोट बरी. पाँ नफवरून निघालेली बोट उलट, आधी टॉवरकडे जाते आणि वीस-पंचवीस मिनिटांत तिथे पोहोचते. म्हणजे ठोक्याच्या पंचवीस मिनिटं आधीची बोट. मेच्या मध्यावर पाँ नफवरून नऊ पस्तीसच्या आसपास सुटणारी बोट मिळाली तर निळं आकाशही मिळतं आणि दहाचं लुकलुकणंही. गर्दीमुळे पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होतात, हे धरून चाला. टॉवरचे दिवे २०२२च्या सप्टेंबरपासून वीज वाचवण्यासाठी रात्री पावणेबाराला मालवायला लागले. उन्हाळ्यात ही वेळ बदलू शकते, तेव्हा जायच्या आठवड्यात टॉवरच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्यावं.

तिकीट साधारण पंधरा ते वीस युरोंच्या घरात असतं, लहान मुलांना कमी. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पुष्कळदा हे तिकीट नुसतं प्रवेशाचं असतं. त्यावर बोटीची वेळ नसते, आसनक्रमांक तर नसतोच. ऑनलाइन घेतल्याने तिकीटखिडकीची रांग वाचते, बोटीत चढायची वाचत नाही. मे-जूनमध्ये रात्री नऊ ते साडेदहा या वेळात पर्यटकांच्या बसेस एकामागून एक खाली उतरतात आणि एकेक गट चाळीस-पन्नासांचा असतो. हवी ती बोट आणि हवी ती जागा पाहिजे असेल तर अर्धा-पाऊण तास आधी रांगेत उभं राहायला हवं. रांगेच्या सुरुवातीला नसाल तर मागे सरकून पुढच्या बोटीची वाट बघावी. भरलेल्या बोटीत मधल्या आसनावर बसण्यात अर्थ नाही. अर्थात ठोक्याचं गणित साधायचं असेल तर हा मोह आवरावा लागतो.

आणि जागा म्हणजे डावी बाजू. हे मी अगदी ठासून सांगतो. प्रवासी बोटी सामान्यतः ईल द ला सिते बेटाच्या दक्षिणेकडच्या अरुंद शाखेतून प्रवाहाच्या वर जातात, ईल साँ-लुईला वळसा घालतात आणि उत्तरेकडच्या रुंद शाखेतून परत येतात. हा फेरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पडतो, त्यामुळे बेटं कायम डाव्या हाताला राहतात. टॉवरकडून निघालात तर जाताना डावीकडे ग्रां पाले हे प्रदर्शनगृह, लुव्र संग्रहालय आणि नोत्र दाम. येताना डावीकडे कॉन्सिएर्जरी हा जुना तुरुंग, ओर्से संग्रहालय आणि शेवटी टॉवर. उजवीकडे बसणाऱ्याला जाताना ओर्से आणि येताना नगरपालिकेची इमारत, ऑतेल द विल, चांगली दिसते. वाईट नाही, पण नोत्र दामसाठी त्याला आठ जणांच्या डोक्यांवरून मान उंचवावी लागते. पाँ नफवरून निघालं तरी बाजू डावीच. नदीला पूर असेल किंवा काही काम चालू असेल तर मार्ग बदलतो, एवढाच अपवाद.

डावीकडेसुद्धा वरच्या उघड्या डेकवर, आणि शक्यतो मागच्या टोकाला. सगळे पुढे धावतात. पुढे वारा तोंडावर येतो आणि पहिल्या रांगेतले लोक उभे राहिले की मागच्यांना त्यांची पाठ दिसते. मागे बसलं की वारा कमी लागतो, आणि मागे पडत जाणारा टॉवर अडथळ्याविना दिसतो. खालच्या काचबंद भागात ऊब असते, पण आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब काचेवर पडतं. रात्री बाहेरच्या नोत्र दामऐवजी स्वतःचाच चेहरा बघत बसावं लागतं. वर बसायचं तर मे महिन्यातही जॅकेट हवंच. पाण्यावरचा वारा आणि बोटीचा वेग मिळून रात्री दहा-बारा अंशांतही हुडहुडी भरते. आजी-आजोबांसाठी कानटोपी घ्या, लाजू नका.

बोट पुलांखालून जाताना उभं राहू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. काही कमानी डोक्यावरून फार जवळून जातात. पुलाखालचा भाग हीच खरं तर बोटीची मिजास आहे, कारण रस्त्यावरून तो दिसतच नाही. पाँ नफ नावाने ‘नवा’ असला तरी आज उभ्या असलेल्या पुलांत सगळ्यात जुना, १५७८ ते १६०७ या काळात बांधलेला. त्याच्या कडेने दगडी मुखवटे आहेत, तीनशे ऐंशीहून जास्त, प्रत्येक वेगळा. बोटीचा प्रकाशझोत पडला की ते दात विचकताना दिसतात. पाँ अलेक्सांद्र ३ हा १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला. सोनेरी पुतळ्यांमुळे सगळे त्याचे फोटो काढतात, पण खालून बघण्यासारखी आहे ती त्याची एकच सपाट पोलादी कमान. शाँझेलिझे रस्त्याकडून अँव्हालिद या जुन्या सैनिकी वास्तूकडे बघताना पूल आड येऊ नये म्हणून ती इतकी बुटकी ठेवली. त्याच्या पुढचा काँकोर्द पूल १७९१ साली पुरा झाला आणि त्यात पाडलेल्या बास्तीय तुरुंगाचे दगड वापरले आहेत. पाँ देझार हा लोखंडी पादचारी पूल प्रेमिकांच्या कुलुपांसाठी गाजला होता. २०१४ साली कुलुपांच्या भाराने कठड्याचा एक भाग कोसळला आणि २०१५ मध्ये सगळी काढून टाकली. तिथे कुलूप लावायचा बेत असेल तर तो सोडा.

आल्मा पुलाच्या खांबाशी एका सैनिकाचा दगडी पुतळा आहे, झुआव्ह म्हणतात त्याला. पॅरिसकर नदीचं पाणी त्याच्याच अंगावर मोजतात. पावलं भिजली की किनाऱ्याचे रस्ते बंद व्हायला लागतात. १९१०च्या महापुरात पाणी त्याच्या खांद्यांपर्यंत आलं होतं. प्रवाशाला याचा उपयोग असा, की पाणी चढलं की पुलांखालची मोकळी जागा कमी होते आणि बोटी थांबवतात. जून २०१६ मध्ये पातळी सहा मीटरच्या वर गेली तेव्हा आणि जानेवारी २०१८च्या पुरातही असंच झालं. हिवाळ्यात किंवा वसंतात सलग पाऊस झाला असेल तर आदल्या दिवशी चौकशी करा, आणि ही सफर मुक्कामाच्या शेवटच्या रात्रीवर ढकलू नका.

नोत्र दामजवळ मात्र मोबाइल खाली ठेवून बघावं. १५ एप्रिल २०१९च्या आगीत छत आणि शिखर गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं, शिखर पूर्वीसारखंच उभं राहिलं. रस्त्यावरून सगळे पश्चिमेकडचे दोन मनोरे बघतात. बोटीतून आधी दक्षिणेकडची मोठी गोल खिडकी येते, आणि बोट थोडी पुढे गेली की मागे वळून बघायचं : पूर्वेच्या अंगाला भिंतींना बाहेरून आधार देणाऱ्या दगडी कमानी अर्धवर्तुळात पसरलेल्या दिसतात. इतकी मोकळी ही बाजू क्वचितच कुठून दिसते. इथे बोट थोडी मंद होते, पण दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही.

लुव्रबद्दल मात्र अपेक्षा बेताची ठेवा. नदीकडची त्याची भिंत लांबच लांब आणि सुंदर आहे, पण काचेचा पिरॅमिड आतल्या चौकात असल्याने बोटीतून दिसत नाही. परतताना येणारी कॉन्सिएर्जरी, जिथे मारी आंत्वानेत १७९३ साली शेवटचे दिवस कैदेत होती, तिच्या गोल बुरुजांमुळे लगेच ओळखू येते. बोटीवरच्या माहितीवर फार विसंबू नका. ती बऱ्याच भाषांतून एकामागून एक येते आणि आपल्याला कळणारं वाक्य येईपर्यंत इमारत मागे गेलेली असते.

फोटोंचं थोडक्यात. बोट चालती असते, त्यामुळे मोबाइलचा नाइट मोड दोन-तीन सेकंद उघडा राहिला की दिव्यांच्या रेघा होतात. तो बंद करा. कॅमेरा असेल तर शटर एक शंभरांशच्या आसपास ठेवा, आयएसओ ३२००पर्यंत जाऊ द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फ्लॅश तर नकोच. लुकलुकणाऱ्या टॉवरचा फोटो कधीच नीट येत नाही, त्याचा व्हिडिओ घ्यावा.

जेवणाच्या बोटीबद्दल नेहमी विचारणा होते. ती दोन तास किंवा जास्त चालते, काचबंद असते, टेबल ठरलेलं असतं आणि खिडकीजवळचं टेबल जादा पैशांत मिळतं. शाकाहारी जेवण आरक्षण करतानाच कळवावं लागतं. बोटीत चढल्यावर सांगून उपयोग नाही. वर्षगाठ वगैरे असेल तर घ्या. शहर बघायचं असेल तर तेच पैसे वाचवून साधी बोट घ्या आणि जेवण किनाऱ्यावर करा.

धक्के सगळे रस्त्याच्या पातळीपेक्षा बरेच खाली आहेत. आल्माला बसेस थेट खाली उतरतात, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना तो सोयीचा. पाँ नफला चौथ्या आंरी राजाच्या पुतळ्यामागून दगडी जिना उतरावा लागतो, आणि परत चढावाही लागतो. स्वच्छतागृहाला बोटीत बसण्याआधीच जाऊन या. टॉवरजवळच्या रांगेत पाठीवरची सॅक पोटावर घ्या. सह्या मागणारे आणि मनगटात दोरा बांधायला येणारे तिथे हटकून भेटतात.

परतीसाठी पाँ नफला मेट्रोची सात नंबरची लाइन, आल्माला नऊ नंबरची, आणि टॉवरजवळ सहा नंबरचं बीर-हाकेम. मेट्रो एरवी रात्री सव्वा एकपर्यंत आणि शुक्रवार-शनिवारी सव्वादोनपर्यंत चालते, पण ती वेळ शेवटची गाडी शेवटच्या स्थानकात पोहोचण्याची आहे. वाटेत लाइन बदलायची असेल तर बारा-साडेबाराला स्टेशनात असावं. जूनमध्ये अकराची बोट घेणाऱ्यांनी हे आधी बघून ठेवावं.