तिरक्या बीमचा मोमेंट: कोसाइन एकदा की दोनदा?

तिरक्या बीममध्ये रिअॅक्शन (टेकूंचा उलटा जोर), शिअरचा (कातर बलाचा) आलेख, शेवटी सेक्शन (बीमचा छेद) तपासणं, हे सगळं आडव्या बीमसारखंच होतं. त्यात काही अडलं नाही. माझा वेळ खाल्ला तो एकाच प्रश्नानं: लोड ‘प्रति मीटर’ दिलाय, पण कुठल्या मीटरला? ड्रॉइंगवर नुसतं ‘६ किलोन्यूटन प्रति मीटर’ लिहून मोकळे होणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

जिन्याचा बीम घ्या. कोन ३० अंश, आडवा स्पॅन (टेकूंमधलं अंतर) ४ मीटर, म्हणजे तिरकी लांबी ४.६२ मीटर. माणसांचा लाइव्ह लोड आडव्या मीटरमागे मोजतात, तो ६ किलोन्यूटन. स्वतःचं वजन मात्र तिरक्या मीटरमागे, ३, कारण बीमच तेवढा लांब आहे. दोन्ही सरळ मिळवून ९ केले की घोटाळा झालाच. मधला मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा परिणाम, साध्या बीमला लोड × लांबी² ÷ ८ असतो. आडव्या स्पॅननं तो १८ किलोन्यूटन-मीटर येतो, तिरक्या लांबीनं २४. दोन्ही चूक.

मी अडकलो ते लोडचे घटक पाडताना. ६ चा बीमला लंब घटक ६ × ०.८६६ (३० अंशांचा कोसाइन) = ५.२०, इथपर्यंत सगळे बरोबर करतात. मग हाच आकडा तिरक्या लांबीवर लावला की ५.२० × ४.६२² ÷ ८ = १३.९, आणि आडव्या स्पॅनवर लावला की १०.४. एक जास्त, एक कमी. राहून जातं ते हे: आडव्या एका मीटरवरचा लोड बीमवर १.१५५ मीटरमध्ये पसरतो, म्हणून तीव्रता पुन्हा कोसाइननं कमी होते. एक कोसाइन दिशेचा, दुसरा पसरण्याचा. दोन्ही लावले की ४.५ × ४.६२² ÷ ८ = १२. आणि ६ × ४² ÷ ८ सुद्धा १२च! तेव्हा उभ्या लोडला घटक पाडूच नका. सगळं आडव्या मीटरमागे आणा आणि आडवा स्पॅन वापरा. स्वतःचं वजन ३ ÷ ०.८६६ = ३.४६, त्याचा मोमेंट ६.९३. एकूण १८.९३.

वाऱ्याचं वेगळं. तो पृष्ठभागाला लंब असतो, तिथे तिरकी लांबीच घ्यायची, कोसाइन नको.

सपोर्टवरून उगाच वाद होतात. दोन्ही टोकांना मोमेंट शून्य असेल तर वरचं टोक बैठकीवर टेकलेलं असो की गुळगुळीत भिंतीला, मधला मोमेंट १८.९३च राहतो. बदलतो तो अक्षीय (बीमच्या लांबीच्या दिशेचा) जोर. बैठकीवर खालच्या टोकाला दाब ९.४६ किलोन्यूटन आणि वरच्या टोकाला तेवढाच ताण. भिंतीला टेकवलं तर खाली ४७.३ दाब. फक्त मोमेंट बघून सेक्शन ठरवणाऱ्यानं इथे थांबावं.

मध्ये लँडिंगचा मोड आला किंवा बीम कमानीसारखा वाकला की हा दिलासा संपतो. दोन्ही टोकं हिंज (फिरतील पण सरकणार नाहीत अशी) असतील तर आडवा जोर H तयार होतो आणि मोमेंट = साध्या बीमचा मोमेंट − H × y. y म्हणजे दोन टोकं जोडणाऱ्या रेषेपासूनची उंची. एक टोक रोलर (आडवं सरकू शकणारं) केलं की H शून्य, कमान कितीही उंच असो.

प्लॅनमध्ये (वरून पाहता) वळलेला बीम हे वेगळंच प्रकरण, त्यात टॉर्शन (पीळ) येतं. दोन्ही टोकं फिक्स असलेल्या अर्धवर्तुळावर सारखा लोड असेल तर मध्ये ०.२७३wR², सपोर्टला wR² उलटा, शिवाय सपोर्टला टॉर्शन ०.२९८wR² (w म्हणजे प्रति मीटर लोड, R म्हणजे त्रिज्या). सरळ बीमचं सूत्र इथे लावू नका.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: सॉफ्टवेअरमध्ये लोड देताना ‘प्रक्षेपित लांबी’ आणि ‘खरी लांबी’ असे दोन पर्याय असतात. लाइव्ह लोडला पहिला, स्वतःच्या वजनाला दुसरा. मग उभ्या रिअॅक्शनची बेरीज पाहा. ६ × ४ + ३ × ४.६२ = ३७.८६ किलोन्यूटन यायला हवेत. ४१.६ दिसले तर लाइव्ह लोड तिरक्या लांबीवर पडलाय.