बुंदीचे पंजे आणि टोरोंटोचं मीठ

पहिला स्नो पडला की इथल्या, टोरोंटोतल्या आपल्या मराठी ग्रुपवर हमखास कोणीतरी विचारतं, कुत्र्याला बूट घ्यायचे का, आणि लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो अहो प्राण्याला कसले बूट, देवाने दिलेत ना पाय, आणि दुसरा थेट अ‍ॅमेझॉनची लिंक टाकून मोकळा होतो. मला दरवेळी तिथे बरंच काही सांगायचं असतं पण ग्रुपवर ते वाहून जातं, दोन दिवसांनी कोणाला सापडत नाही, म्हणून इथे नीट लिहून ठेवते.

आमची बुंदी पुण्याची. इंडी, म्हणजे आपली साधी गावठी कुत्री, कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेली. अंगावर आखूड केस, पोटाला तर जवळजवळ नाहीतच. आम्ही इकडे आलो तेव्हा आमच्याबरोबर घरची म्हणूनच आली. (बरेच जण विचारतात म्हणून सांगते, २८ सप्टेंबर २०२२ पासून कॅनडाने रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांमधून दत्तक देण्यासाठी किंवा विकण्यासाठी कुत्री आणणं बंद केलंय, त्या यादीत भारत आहे. स्वतःचा पाळलेला कुत्रा सोबत आणता येतो, पण तुमच्या केसला काय लागू होतं ते तिकीट काढायच्या आधी बघा.)

तर मुद्दा असा की थंडीचा बंदोबस्त कुत्र्याच्या पायात बराचसा आधीच केलेला असतो. पंजाच्या गादीत चरबी असते, आणि गरम रक्त खाली आणणाऱ्या धमन्यांना गार रक्त वर नेणाऱ्या शिरांचं जाळं अगदी चिकटून असतं, त्यामुळे खाली जाणाऱ्या रक्ताची ऊब परतणाऱ्या रक्ताला मिळते आणि अंगात गारठलेलं रक्त शिरत नाही. जपानमधल्या हिरोयोशी निनोमिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ही रचना बघून २०११ साली मांडली. मी ते वाचलं तेव्हा बुंदीचा पंजा हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसले होते, एवढ्याशा गादीत काय काय आहे! म्हणून -३, -४ मध्ये ताज्या भुसभुशीत बर्फावर ती मजेत पळते, तेव्हा पायात काही नसलं तरी चालतं असं माझं मत आहे.

शहरातल्या फुटपाथवर प्रकरण वेगळं आहे, कारण तिथे बर्फ वितळावा म्हणून टाकलेलं मीठ असतं. ऑन्टारियोत गोडरिच नावाचं गाव आहे, तिथे लेक ह्युरॉनच्या खाली साधारण ५५० मीटर खोल मिठाची खाण आहे, जगातली सगळ्यात मोठी भूमिगत मिठाची खाण म्हणून ती ओळखली जाते. इकडे मिठाला तोटा नाही, आणि डिसेंबर ते मार्च ते रस्त्यावर, फुटपाथवर, बिल्डिंगच्या पायऱ्यांवर, सगळीकडे ओतलं जातं. साधं खडे मीठ साधारण -१० च्या खाली गेलं की फारसं काम करत नाही, मग कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड असलेले प्रकार येतात, आणि त्यातलं कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळताना उष्णता सोडतं. आता हा खडा ओल्या पंजात, दोन बोटांच्या बेचक्यात अडकला की काय होत असेल याचा विचार करा. बेचक्यातली कातडी गादीसारखी जाड नसते, नाजूक आणि गुलाबी असते. तिथे चरचरतं, लाल होतं, आणि कुत्रा घरी येऊन ते चाटत बसतो, मग तेच मीठ पोटात जातं, खूप तहान लागते, उलट्या होतात, जास्त गेलं तर प्रकरण गंभीर होऊ शकतं.

बुंदीचं मला आता लांबून कळतं. सिग्नलच्या कोपऱ्यावर, जिथे मीठ सगळ्यात जास्त पडलेलं असतं, तिथे ती थांबते, उजवा पुढचा पाय उचलते, खाली टेकवतच नाही आणि माझ्याकडे बघते. कुत्रा असा उभा राहिला की हट्ट करतोय असं समजून पट्टा ओढू नका. तिथेच खाली बसा, ग्लोव्ह काढा आणि बोटं फाकवून बघा. बहुतेक वेळा निळसर किंवा पांढरा खडा सापडतो, कधी बर्फाची टोकदार कणी असते. काढून टाकलं की पुढे चालायला लागते.

बूट, मेण वगैरे सगळं नंतर, आधी घरी आल्यावर पाय धुणं. हे एकच करायचं असेल तरी करा. आम्ही दाराशी उथळ टब ठेवतो, त्यात कोमट पाणी, कोमट म्हणजे आपल्या मनगटाला गरम लागायला नको इतपत, आणि एकेक पाय बुडवून बोटाने बेचके चोळायचे. पोटावर पण ओला हात फिरवायचा, कारण आखूड पायांच्या कुत्र्यांच्या पोटाला सगळा स्लश, म्हणजे अर्धवट वितळलेला बर्फाचा चिखल, उडतो. आणि मग कोरडं करणं, इथेच बहुतेक लोक घाई करतात. आईने पुण्याहून आणलेले जुने सुती पंचे यासाठी एक नंबर, पातळ असल्याने बोटांच्या मधे जातात, जाड टॉवेल तिथे पोचतच नाही. बेचके ओले राहिले तर तिथे यीस्टचं इन्फेक्शन होतं, कुत्रा पाय चावत बसतो, पायाला कुबट वास यायला लागतो आणि मग व्हेटकडे चकरा.

लांब केसांच्या कुत्र्यांची वेगळी गंमत आहे, म्हणजे कुत्र्याला ती गंमत नसते. शेजारच्यांच्या गोल्डन रिट्रीव्हरच्या गाद्यांमधून केसांचे झुपके बाहेर येतात, त्यांना ओला बर्फ चिकटतो, पायाच्या उबेने जरा वितळतो आणि परत गोठतो, आणि असं होत होत बोरांएवढे कडक गोळे तयार होतात. ते बोटं फाकवतात, प्रत्येक पावलाला टोचतात. बिचारा मधेच बसकण मारतो आणि दातांनी गोळे उपटायला लागतो, त्यात केसही उपटले जातात. ते गोळे ओढून काढायचे नाहीत, तळहातात पाय धरून वितळवायचे किंवा घरी येऊन कोमट पाण्यात. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी बोथट टोकाच्या कात्रीने गादीच्या पातळीपर्यंत केस कापायचे. फार आत कात्री घालायची नाही, हात धीट नसेल तर ग्रूमरकडून करून घ्या.

आता मेण. इकडे पंजाला लावायचं मेण डबीत मिळतं, स्लेज, म्हणजे बर्फावरची गाडी, ओढणाऱ्या कुत्र्यांसाठी निघालेलं, ते निघायच्या आधी गादीला आणि बेचक्यात पातळ लावायचं. छोट्या फेरीला, मीठ कमी असेल तर पुरतं. ते मीठ थोडं दूर ठेवतं आणि बर्फाचे गोळे कमी होतात, पण ऊब देत नाही हे लक्षात ठेवा. व्हॅसलीननेही काम भागतं, फक्त घरात लाकडी फ्लोअरवर पाय घसरतात, म्हणून दारातच लावायचं आणि निघायचं. रात्री भेगांना मी भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, लावते. आमचं मूळ मालवणकडचं, घरात सगळ्यांच्या टाचांना तेच, आईने व्हिडिओ कॉलवर बुंदीची गादी बघितली आणि म्हणाली, "अगं एवढी भेग पडलीय, भिरंडेल लाव की, आपल्या टाचांना लावतो तसं." व्हेटला विचारलं, त्याने सांगितलं थोडं चाटलं तरी चालेल. घट्ट वडी असते, तळहातावर घासून वितळवायची आणि मग चोळायची. माणसांची क्रीम्स मात्र नको, झिंक ऑक्साइड किंवा टी ट्री ऑइल असलेलं काहीही कुत्र्याच्या पोटात जाणं चांगलं नाही, आणि पायाला लावलेलं ते चाटणारच.

बुटांबद्दल "अहो हस्कीला लागतात का" (हस्की म्हणजे स्लेज ओढणारी जात) असं म्हणणाऱ्यांना मी अलास्काचं उदाहरण देते. अँकरेजपासून नोमपर्यंत इडिटारॉड नावाची स्लेजची शर्यत १९७३ पासून होते, जवळपास १६०० किलोमीटर, आणि तिच्या नियमातच आहे की प्रत्येक कुत्र्यामागे आठ बुटी, म्हणजे छोटे बूट, असल्याच पाहिजेत, पायात किंवा स्लेजमध्ये. म्हणजे बर्फातच वाढलेल्या, रोज धावणाऱ्या कुत्र्यांना सुद्धा! बर्फाच्या खरबरीत कण्यांनी आणि घासण्याने गादी सोलवटते, म्हणून ती कापडी बुटी. आणि ही माणसं विश्रांतीला थांबली की आधी बुटी काढतात, कारण पट्टा घोट्याला आवळून राहिला तर पायाचं रक्त नीट फिरत नाही. आपणही हेच करायचं, घरात आल्या आल्या बूट काढायचे. कुत्र्याला घाम पंजालाच येतो, बूट पायात तासन्‌तास राहिले तर आत ओल साठते.

माप घेताना कुत्र्याला कागदावर उभं करा, दुसरा पाय जरा उचला म्हणजे मापाच्या पायावर वजन येऊन पंजा पसरतो, आणि मग पेन्सिलने कड आखा. पुढचे आणि मागचे दोन्ही आखा, बऱ्याच कुत्र्यांचे पुढचे पंजे मोठे असतात, चारही एकाच साइजचे घेतले की मागचे बूट स्नोमध्ये गळून पडतात आणि थेट एप्रिलमध्ये सापडतात. घोट्याजवळ आतल्या बाजूला ते अंगठ्याचं सुटं नख असतं ना, पट्टा नेमका तिथे घासतो, ते तपासा. सवय आधी घरात लावायची. एकच बूट, हातात चिकनचा तुकडा, मिनिटभर, काढला. दुसऱ्या दिवशी दोन. बुंदी सुरुवातीला पाय उंच उचलून चालायची, घरातले सगळे फोन काढून शूट करायला लागले तेव्हा मी सगळ्यांना गप्प बसवलं, कारण आपण हसलो की ती जास्त गोंधळते. रबरी फुग्यासारखे पातळ बूटही मिळतात, ते मिठासाठी छान, त्यातून जमीन जाणवत असल्याने कुत्री लवकर स्वीकारतात, पण थंडीला त्यांचा काही उपयोग नाही.

-१५ च्या खाली वारा असेल तर आम्ही खाली जाऊन दोन मिनिटांत कार्यक्रम उरकून परत येतो, बूट असोत नसोत. पंजा, कानाची टोकं किंवा शेपटीचं टोक फिकट, करडं, कडक आणि गारठलेलं वाटलं तर तो फ्रॉस्टबाइट असू शकतो. तो भाग चोळायचा नाही, हेअर ड्रायर लावायचा नाही, कोमट पाण्याने हळूहळू ऊब द्यायची आणि व्हेटला फोन लावायचा. पुण्या-मुंबईहून कुत्र्याला घेऊन मनालीला जाणाऱ्यांनो, हे तुम्हालाही तितकंच लागू आहे, तुमच्या कुत्र्याला तर थंडीची सवय अजिबातच नाही.

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. मिठाचं पाणी वीज छान वाहून नेतं. २००८-०९ च्या हिवाळ्यात टोरोंटोत फुटपाथवर कुत्री शॉक लागून गेली होती, त्यानंतर शहरभर जमिनीतल्या वीजजोडण्यांच्या पेट्या तपासल्या गेल्या. तेव्हापासून बरीच सुधारणा झालीये, पण मी अजूनही फुटपाथवरची लोखंडी झाकणं आणि दिव्याच्या खांबांचे पाय टाळून चालते, आणि कुत्रा अचानक किंचाळून उडाला तर त्याला तिथून आधी लांब घ्या आणि जागा लगेच कळवा, कारण मागून कोणाचं तरी मूल चालत येत असतं.

आणि मार्चमध्ये बर्फ वितळला म्हणून टब आवरून ठेवू नका. तेव्हा तर हिवाळाभराचं साठलेलं मीठ डबक्यांमध्ये उतरलेलं असतं, त्यात गाड्यांमधून गळलेलं अँटिफ्रीझही (इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते) असू शकतं, ते चवीला गोड लागतं आणि थोडं प्यायलं तरी जिवावर बेततं. डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही, आणि दोन-तीन चांगले जोराचे पाऊस पडून फुटपाथ धुतले जाईपर्यंत पाय धुणं चालू ठेवायचं. बुटांची साइज किंवा कुठले घेऊ याबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा, पंजाचं माप सेंटीमीटरमध्ये द्या म्हणजे मला नीट सांगता येईल.