उजवीकडून सॉफ्ट येणारी लेन्स

कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम, आणि "मॅडम, लेन्स सॉफ्ट आहे" (म्हणजे फोटो धूसर येतो) हे त्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. बहुतेक वेळा लेन्स ठीकच असते, फोकस चुकलेला असतो, हात हललेला असतो, नाहीतर पुढे हलक्या काचेचा यूव्ही फिल्टर लावलेला असतो. ही केस वेगळी होती कारण दोष खरा होता, डोळ्यांना दिसत होता आणि तरीही लेन्स निर्दोष होती.

एक फोटोग्राफर त्यांची २४-७० एफ/२.८ (२४ ते ७० मिमीची झूम लेन्स; एफ/२.८ म्हणजे तिचं छिद्र पूर्ण उघडं, हा आकडा वाढला की छिद्र लहान) घेऊन आले, डीएसएलआर बॉडीला, म्हणजे कॅमेऱ्याला, लावलेलीच. लॅपटॉपवर ग्रुप फोटो दाखवले. डावीकडच्या माणसाच्या पापण्यांचे केस दिसतायत आणि उजवीकडच्या शेवटच्या दोघांचे चेहरे पुसल्यासारखे. एका ठिकाणी दाखवून आले होते, तिथे सांगितलं की लेन्स डिसेंटर झालीय, म्हणजे आतला एखादा एलिमेंट सरकलाय किंवा तिरका झालाय, उघडून सेट करावी लागेल. ते तयारही झाले होते. मला म्हणाले, "तुम्ही उघडा, तुमच्यावर भरवसा आहे." अशा झूममध्ये पंधरा-अठरा काचा असतात, चांगली बसलेली लेन्स विनाकारण उघडणं माझ्या जिवावर येतं, त्यामुळे म्हटलं आधी नीट बघू.

त्यांनी घरी भिंतीवर पेपर चिकटवून टेस्ट केली होती, पण कॅमेरा हातात धरून. त्यात कॅमेरा भिंतीला जरा जरी तिरका झाला तरी एक बाजू सॉफ्ट येणारच, मग ती लेन्स जगातली सर्वोत्तम का असेना. मी भिंतीवरच्या बारीक अक्षरं-रेषांच्या चार्टच्या मधोमध छोटा सपाट आरसा चिकटवते आणि ट्रायपॉडवरचा कॅमेरा हलवत हलवत आरशात लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर फ्रेमच्या मध्यावर आणते, पुढच्या काचेची वर्तुळं एकात एक बसलेली दिसली की कॅमेरा आणि भिंत समांतर. मग हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर बंद, फिल्टर काढलेला, दोन सेकंदांचा टायमर, आणि ऑटोफोकसवर अजिबात विसंबायचं नाही, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, दहापट मोठं करून हाताने फोकस. डीएसएलआरमध्ये ऑटोफोकसचा सेन्सर वेगळा असतो, तो पुढेमागे झालेला असला की माणूस फोकसची चूक लेन्सच्या नावावर टाकतो.

एवढं सगळं करूनही एफ/२.८ ला उजवी बाजू सॉफ्टच. मग कॅमेरा उलटा केला, अगदी डोकं खाली पाय वर, पुन्हा आरसा जुळवला आणि फोटो काढला. भिंत तिरकी असती तर भिंतीचा तोच भाग आता फ्रेमच्या डावीकडे सॉफ्ट दिसला असता. पण सॉफ्टनेस फ्रेमच्या उजवीकडेच राहिला, म्हणजे दोष कॅमेऱ्यासोबत फिरत होता. भिंत सुटली.

(टेस्टची टेस्ट घेतलीच पाहिजे या बाबतीत मी हट्टी आहे. हबल दुर्बीण १९९० मध्ये अवकाशात गेली तेव्हा तिचा मुख्य आरसा कडेला २.२ मायक्रॉन जास्त घासला गेलेला निघाला, कारण आरसा तपासायच्या उपकरणातलीच एक लेन्स १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलेली होती. दुसऱ्या उपकरणाने दोष दाखवला होता, पण त्यावर विश्वास ठेवला गेला नाही. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन ती दुरुस्त केली.)

आता इथवर आल्यावर "डिसेंटर" असा शिक्का मारणं सोपं होतं. पण मी फोकस मध्यावर न ठेवता मुद्दाम उजव्या कडेवर केला, आणि उजवी कड चक्क शार्प झाली, अक्षरांच्या बारीक रेषासुद्धा सुट्या दिसल्या, आणि डावी बाजू गेली. म्हणजे उजवीकडे शार्पनेस होता, फक्त वेगळ्या अंतरावर होता. काच सरकली की कोमा (ठिपक्याला शेपटी फुटल्यासारखा दोष) वगैरे येतो, त्या बाजूला कितीही फोकस फिरवा, धुरकटपणा पूर्ण जात नाही. इथे तो गेला. हे प्रकरण फोकसची पातळी, म्हणजे जिथलं सगळं शार्प दिसतं ते प्रतल, तिरकी होण्याचं होतं.

तेही आतली काच तिरकी होऊन होऊ शकतं, म्हणून झूम फिरवून बघितला. २४ ला जेवढा तिरकेपणा तेवढाच ५० ला, तेवढाच ७० ला. इथे मी थांबले. झूम फिरवताना आतले गट मागेपुढे सरकतात, त्यातली एखादी काच बिघडली की सहसा एका टोकाला जास्त दिसतं, दुसऱ्या टोकाला कमी. सगळीकडे सारखाच तिरकेपणा म्हणजे अख्खी लेन्सच सेन्सरसमोर वाकडी उभी असणार. मी त्यांना विचारलं, या बॉडीवर आधी कुठली लेन्स होती? ते म्हणाले, "५० मिमीची होती, तीही उजवीकडे सॉफ्ट यायला लागली म्हणून विकून टाकली, माझ्या नशिबी खराब पीसच येतात." नशिबाचा काही संबंध नव्हता हो! दोन वेगळ्या लेन्स, एकच बाजू, आणि दोन्हीमध्ये सारखं काय तर बॉडी.

मग अदलाबदल केली. त्यांची लेन्स आमच्या टेस्ट बॉडीवर लावली, दोन्ही बाजू सारख्या. आमची तपासलेली लेन्स त्यांच्या बॉडीवर, उजवीकडे सॉफ्ट. त्यांना तरी खात्री वाटेना, चार्टवरची अक्षरं बघून बघून डोळे थकतात, म्हणून त्यांना बाहेर डांबरी रस्त्यावर नेलं. डांबर फार छान टेस्ट चार्ट आहे, सगळीकडे सारखी खडबडीत खडी. कॅमेरा ट्रायपॉडवर आडवा लेव्हल करून थोडा खाली वाकवायचा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून काही मीटरवर फोकस करायचा आणि फोटोला फोटोशॉपमधला फाइंड एजेस फिल्टर लावायचा, की जिथे शार्प आहे तिथली खडी काळ्या पट्ट्यासारखी उठून येते आणि बाकी सगळं फिकट होतं. आमच्या बॉडीवर पट्टा आडवा आला, टोकांना किंचित वळलेला, तो या लेन्सचा स्वभावच आहे. त्यांच्या बॉडीवर तोच पट्टा डावीकडून उजवीकडे सरळ चढत गेलेला. ते स्क्रीनकडे बघत राहिले आणि मग त्यांना आठवलं की मागे कॅमेऱ्याची बॅग आपटली होती, आत लेन्स लावलेली होती, पण कुठे ओरखडा नव्हता म्हणून सोडून दिलं होतं.

बॉडीची माउंट रिंग, म्हणजे लेन्स जिच्यावर बसते ती धातूची कडी, काढून सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, ठेवली. बोटाने एका कडेवर दाबलं की टक्, दुसरीवर दाबलं की पुन्हा टक्. डोळ्यांना सपाट दिसणारी रिंग वाकली होती, डायल गेजवर (बारीक अंतर मोजायच्या काट्याच्या उपकरणावर) मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. ऐकायला काहीच नाही, पण माउंट ते सेन्सर हे अंतर म्हणजे कॅननच्या ईएफला ४४ मिमी, निकॉनच्या एफला ४६.५, ते सगळीकडे एकसारखं लागतं, आणि एफ/२.८ ला फोटो १०० टक्क्यांवर बघायचा तर सेन्सरपाशी चुकीला जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतच मोजायची. बारीक पिक्सेल असलेल्या बॉडीवर तर अजून कमी. एफ/८ ला हाच दोष जवळपास झाकला जात होता, म्हणून बाहेर उन्हात काढलेले त्यांचे फोटो चांगले यायचे आणि ते अजूनच गोंधळायचे.

लेन्स उघडली असती तर काय झालं असतं याचा विचार करून मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं. कुणीतरी व्यवस्थित बसलेल्या काचा हलवून वाकड्या बॉडीला जुळवल्या असत्या, आणि पुढे दुसरी बॉडी घेतल्यावर ती लेन्स खरोखरच बिघडलेली निघाली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. आपल्याकडे दोष दिसला की खापर लेन्सवर फुटतं, बॉडीकडे कुणी बघतच नाही.

नवीन रिंग बसवली, खाली शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून चारी बाजूंचं अंतर जुळवलं, पुन्हा डांबर, पट्टा आडवा. मग त्यांनी कोपरे बघायला सुरुवात केली आणि म्हणाले, एफ/२.८ ला कोपरे अजूनही मध्यापेक्षा जरा कमी आहेत. आहेत, पण चारही सारखेच कमी आहेत, ती डिझाइनची मर्यादा, दोष नव्हे. एफ/५.६ ला खूप सुधारतात, आणि अजून शार्प करायला एफ/२२ पर्यंत जाऊ नका असंही सांगितलं, तिथे डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, मधला भागही मऊ पडतो.

शेवटचं काम ऑटोफोकसचं होतं, कारण माउंट बदलल्यावर आधीची अॅडजस्टमेंट धरून चालत नाही. ७० ला, फोकल लेंग्थच्या पन्नासपट म्हणजे साडेतीन मीटरवर चार्ट लावला, बॉडीतली जुनी फाइन ट्यून (ऑटोफोकस पुढेमागे करायची सेटिंग) शून्य केली, लाइव्ह व्ह्यूच्या फोकसशी ताडून नवीन आकडा भरला, २४ ला वेगळा तपासला, आणि लेन्स बॉडीवरून न काढता त्यांच्या हातात दिली.