आर वरून डी, आणि मध्ये एक ठक्क

रविवार, रात्री साडेदहा

हात तीनदा धुतले तरी बोटांना गिअर ऑइलचा वास आहेच. गंधकाचा तो उग्र वास कातडीत मुरला की लवकर जात नाही. आज मात्र तो नकोसा वाटत नाहीये. संध्याकाळी गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचा लिव्हर आर (रिव्हर्स) वरून डी (ड्राइव्ह) वर घेतला आणि मागून काहीही ऐकू आलं नाही.

महिनाभर तो आवाज छळत होता. पाय ब्रेकवर, लिव्हर डी मध्ये, की गाडीच्या पोटाखाली कुणी हातोडी मारावी तसा ‘ठक्क’. ज्याला सांगावं तो एकच म्हणायचा, जुनी ऑटोमॅटिक, गिअरबॉक्स गेला. मला पटत नव्हतं. गिअर स्लिप होत नव्हते, वेळेवर पडत होते, गिअरबॉक्सचं तेल लालभडक होतं, त्याला जळका वास नव्हता. बावीस वर्षं इमानानं चाललेल्या वस्तूवर न तपासता ठपका ठेवायचा, हे मला बघवत नाही. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आयडलिंगलाही थोडा जोर मागे ढकलतच असतो. डी टाकला की इंजिनपासून चाकापर्यंत जिथे जिथे प्ले (ढिलेपणा) असेल तो एका झटक्यात भरून निघतो. आवाज लिव्हर हलवल्यावर येतो, म्हणून दोष गिअरबॉक्सच्या माथी!

मागच्या शनिवारी दादाला मागच्या सीटवर बसवलं. “दादा, तू बोलू नकोस, फक्त कान दे.” सरळ रस्त्यावर काहीच नाही, ॲक्सिलरेटर दाबताना नाही आणि सोडतानाही नाही. म्हणजे डिफरन्शियलमध्ये, मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीत, जोर आत घेणारी मोठ्या-छोट्या गिअरची जी जोडी असते, त्या क्राउन-पिनियनचे दात बहुधा शाबूत. मग मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळूहळू गोल फिरवली, आणि सीटखालून खरखर सुरू झाली. डावीकडे जेवढी, उजवीकडेही तेवढीच. चाकाचं बेअरिंग असतं तर एका बाजूला जास्त बोललं असतं. संशय त्याच पेटीतल्या छोट्या स्पायडर गिअरवर आला. सरळ जाताना ते स्वतःभोवती फिरतच नाहीत, त्यांना धरणाऱ्या कॅरिअरबरोबर नुसते वाहून नेले जातात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, तेव्हाच ते आपल्या पिनवर फिरतात.

पुढच्या चाकांना ठोकळे लावले, मागची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर घेतली आणि लिव्हर पी (पार्किंग) मध्ये ठेवला. आता गिअरबॉक्सचा जोर मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट जागचा हलणार नाही. एक चाक फिरवलं की दुसरं लगेच उलट फिरायला हवं. माझं चाक टायरच्या कडेला चांगलं दोन बोटं सरकलं, मग आतून ‘ठक्क’ झालं आणि मग दुसरं हललं. तोच आवाज! शाफ्टचे क्रॉस (सांधे) हातानं पिळून पाहिले, ते घट्ट होते.

डिफरन्शियलचं तेल काढताना आधी फिलर (तेल भरायचा) प्लग उघडला, मग ड्रेन (तेल सोडायचा). उलट केलं आणि फिलर गंजून बसलेला निघाला, तर तेल भरणार कुठून? ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मलम होतं. तेवढं असतंच. पण त्यात नखाच्या कातरणाएवढ्या चमकत्या कपच्या होत्या.

स्पायडर जिच्यावर फिरतात ती क्रॉस पिन हातात आली तेव्हा मात्र गलबललं. जिथे स्पायडर बसतात त्या दोन जागा खाल्ल्या गेल्या होत्या. नख फिरवलं की कडेला अडकत होतं, आणि आजूबाजूचं पोलाद तापून निळसर झालं होतं. हे माझंच काम. गेल्या वर्षी चिखलात एक चाक रुतलं नव्हतं, नुसतं जागच्या जागी घसरत होतं, आणि मी ॲक्सिलरेटर दाबतच राहिले. मीटरवर ४० दिसत होते. दुसरं चाक उभं होतं, म्हणजे ते एक चाक ८०च्या वेगानं फिरत होतं, आणि सगळा फरक या बोटभर पिनवर घासत होता. तिथपर्यंत तेल कितीसं पोहोचणार?

पिन, चारही छोटे गिअर (दोन स्पायडर आणि त्यांना भिडणारे दोन), वॉशर आणि साइडची बेअरिंग नवी घातली. क्राउन-पिनियनला हात लावला नाही. ती जोडी एकमेकांवर घासूनच तयार होते, आणि माझ्या जोडीच्या दोन्ही नगांवर एकच नंबर कोरलेला आहे. बेअरिंगच्या कॅप्सवर उघडतानाच पंचनं डावी-उजवी खूण केली होती, कारण त्यांची अदलाबदल चालत नाही.

खरा वेळ गेला तो बॅकलॅश, म्हणजे क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक, बसवण्यात. बेअरिंग नवी, म्हणून जुन्या शिम (पातळ चकत्या) तंतोतंत जमल्या नाहीत. डायल गेजवर ०.२४ मिलिमीटर आलं. गाडीच्या पुस्तकात ०.१० ते ०.२० आहे. दुसऱ्या बाजूची ०.१०ची शिम काढून क्राउनच्या पाठीमागे घातली, टॉर्क रेंचनं पुन्हा आवळलं, पुन्हा मोजलं. ०.१६. क्राउन फिरवून चार ठिकाणी मोजलं, सगळीकडे काटा तिथेच. दातांना रंग लावून फिरवलं तर ठसा दाताच्या मधोमध उमटला. तो पिवळा ठसा मी टॉर्च धरून कितीतरी वेळ बघत बसले होते.

८०डब्ल्यू-९०, जीएल-५ तेल फिलरच्या खालच्या काठापर्यंत भरलं. मैदानात पुन्हा गोल फिरवली. मागच्या सीटवरून दादानं विचारलं, “सुरू केलीस का वळवायला?”

उद्या सकाळी निघण्याआधी सीलखाली ओल आली आहे का ते बघायचं आहे. जुनी पिन पुसून टेबलावर ठेवली आहे.