महिन्याचा पगार नसलेल्या घराचा महिन्याचा हिशोब

खर्च लिहायचं कोणतंही ॲप मोबाइलवर टाका, ते आधी विचारतं, महिन्याचं उत्पन्न किती? तिथेच आमचं घोडं अडलं. हिंगणघाटच्या बाजारपेठेवर अवलंबून असलेलं आमचं गाव. चार एकर कोरडवाहू वावर, अडीच एकरांत कपाशी आणि मधून तुरीचं तास (ओळ), बाकीच्यात सोयाबीन. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे विकलं जातं, कापूस हिवाळाभर थोडा थोडा. मार्च संपला की पुढे दिवाळीपर्यंत घरातून पैसा नुसता बाहेर जातो. त्या चौकटीत भरायचं काय?

ॲप काढून टाकलं आणि शंभर पानी वही घेतली. घरात माणसं पाच: हे, मी, सासूबाई, कॉन्व्हेंटला जाणारी मोठी मुलगी आणि रांगतं बाळ. थोडाफार ठरावीक म्हणावा असा पैसा तीन वाटांनी येतो. लाडकी बहीणचे महिन्याला १,५००. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाचे १२,०००, म्हणजे महिन्याला हजार धरायचे. आणि माझ्या शिवणकामाचे दोनेक हजार. लग्नसराईत जास्त, श्रावणात नुसती फॉल-पिको. सरासरी ४,५०० झाले. हप्ते काही तारखेला येत नाहीत, पण हिशोबाला कुठेतरी पाय टेकायला लागतो.

पहिल्या महिन्याची बेरीज केली तर घरखर्च फारच कमी निघाला. आनंद व्हायच्या आधीच कारण कळलं: किराण्याचा एक रुपयाही त्यात नव्हता. आमच्याकडे किराणा वहीवर येतो. दुकानदार लिहून ठेवतो आणि पिकाचा चुकारा, म्हणजे विकल्याचे पैसे, आले की आपण एकदम मोकळं करतो. पैसे दिले त्या दिवशी खर्च लिहायचा म्हटलं, तर ऑगस्टात आम्ही हवा खाऊन जगलो आणि जानेवारीत एकाच दिवशी चाळीस हजारांचं तेल-साखर संपवलं, असं दिसेल. म्हणून नियम केला, वस्तू घरात आली त्याच दिवशी लिहायची. रोख दिली तर निळ्या पेनने, उधार आणली तर लाल. जानेवारीत दुकानदाराला पैसे देताना ते खर्चात धरायचे नाहीत, फक्त लाल आकड्यांवर टीक करायची. बाकी काही नाही केलं तरी चालेल, पण उधारीच्या घरात एवढं कराच.

हे वही बघून म्हणाले, "हे त बँकेवाल्यांसारखं झालं."

सासूबाईंचा सूर वेगळा. "एवढं लिवून पैसा वाढते काय वं पोरी?"

पैसा वाढत नाही. पण महिना मोजायचा कसा, हे मला सासूबाईंकडूनच कळलं. त्यांच्या डोक्यात महिना नाहीच, आठवडी बाजार आहे. मीठ दोन बाजार पुरते, तेल एका बाजाराला किती लागते, अशी त्यांची भाषा. आमचा बाजार मंगळवारचा. निंदणाच्या, वेचणीच्या बायांचा चुकाराही त्याच दिवशी द्यावा लागतो, कारण त्यांनाही बाजार करायचा असतो. तो पुढे ढकलता येत नाही. म्हणजे आमची सगळी रोकड मंगळवारी हलते. मग मीही मंगळवारी रात्रीच बेरीज करायला लागले. त्यातून आणखी एक गोष्ट लक्षात आली. ज्या महिन्यात पाच मंगळवार येतात, तो महिना उगाच उधळा दिसतो. तेव्हापासून मी महिन्याला महिना लावत नाही, बाजाराला बाजार लावून बघते.

रकाने तीन केले: घर, वावर, लोक.

घर आणि वावर वेगळं करणं हेच खरं अवघड काम. खिसा एकच, गाडी एकच. कपाशीच्या बियाण्याचं पाकीट (२०२५ साली ९०१ रुपयांचं), डीएपी खताची थैली १,३५० ची, फवारणीचं औषध, बायांची मजुरी, हे सगळं सरळ वावरात. पण हे खत आणायला गेले आणि येताना बाळाचं औषध घेऊन आले, तर पेट्रोल कोणाचं? यावर एकदा जेवण थंड होईपर्यंत वाद झाला. शेवटी अर्धं-अर्धं ठरलं. फार बारीक करत बसलं तर वही चार दिवसांत सुटते.

घरच्या तुरीचं काय करायचं, यावर मी बराच विचार केला. भरडून डाळ ठेवतो ती विकत आणलेली नाही, मग खर्च शून्य? पण तीच तूर विकली असती तर पैसे आलेच असते. पैशात धरायला लागले तर गोंधळ वाढत होता. म्हणून वहीच्या मागच्या पानावर फक्त किलो लिहिते: घरची डाळ इतकी, राशनचं धान्य इतकं. कार्डावर आमची चार नावं, माणशी ५ किलो म्हणजे २० किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. बाळाचं नाव चढवायचं राहिलंय. या पानाचा फायदा असा की डाळ कधी संपेल ते दोन महिने आधी दिसतं, आणि ज्या महिन्यापासून ती विकत आणावी लागेल तिथे आधीच खूण करता येते.

आता खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूची घोटलेली पुडी. विदर्भातल्या घराचा हिशोब खर्र्याशिवाय लिहिला असेल तर तो खोटा समजावा. पुडी २० रुपयांची, यांना दिवसाला तीन. महिन्याचे १,८००. सरकार मला १,५०० देतं आणि पानठेला १,८०० नेतो, हे मी मोठ्याने वाचलं तेव्हा घरात कोणी बोललं नाही. मग हे म्हणाले, "मी त वावरात खातो, वावरात लिव." मी लिहिला नाही, खर्र्याला घराच्या रकान्यातच वेगळी ओळ दिली. तो बंद झालेला नाही. दोन पुड्यांवर आलाय. तिसरी कोणी फुकट खाऊ घालत असेल तर ती माझ्या वहीत येत नाही. पोरीच्या पाच-दहा रुपयांच्या कुरकुऱ्यांची बेरीजही काही कमी निघाली नाही, पण त्यावर यांनी मला टोमणा मारून घेतला, तेव्हा ते इथेच सोडते.

सगळ्यात जास्त डोळे उघडले ते लोकांच्या रकान्याने. आहेर, बारसं, तेरवी, पाहुण्यांचा पाहुणचार, लग्नाला जायचं ऑटोभाडं. एकेक रक्कम लहान, आणि नाही म्हणता येत नाही. पण लग्नं एप्रिल-मेमध्ये, म्हणजे चुकारा संपत आलेला आणि बियाण्याला पैसे लागायच्या जरा आधी. वर विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे कॉन्व्हेंटची फी आणि पेरणी एकाच पंधरवड्यात अंगावर येते. बचत गटातून कर्ज उचलायची वेळ आमच्यावर दरवर्षी तेव्हाच का येते, ते रकाने शेजारी शेजारी बघितल्यावर कळलं. आता आहेराची रक्कम लग्नपत्रिका येते तेव्हाच सासूबाई ठरवतात आणि मी पेन्सिलने लिहून ठेवते. तो अधिकार त्यांच्याकडे गेल्यापासून वहीबद्दलची त्यांची कुरकुर थांबली.

पूर्ण वर्ष लिहून झाल्यावर घर आणि लोक मिळून महिन्याला सरासरी ९,५०० निघाले. ठरावीक येणारे ४,५००. फरक पाच हजारांचा, वर्षाचे ६०,०००. म्हणजे पीक विकलं की घरासाठी साठ हजार बाजूला निघालेच पाहिजेत. त्याआधी सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं, कारण वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही. मग दुकानदाराची लाल उधारी. मग पुढच्या पेरणीचे. घराचे पैसे मी माझ्या वेगळ्या खात्यात टाकते. यांच्या खात्यात राहिले की त्यांचं खत होतं.

यंदा सोयाबीनने दगा दिला. सगळं देऊन घरासाठी ४०,००० उरले. महिन्याला ३,३०० च्या वर काढायचे नाहीत असं ठरलंय, उरलेले १,७०० कुठून तरी आणायचे. मशीनवर रात्री एक तास जास्त बसते, त्यातून थोडे निघतात. बाकीच्यासाठी हे म्हणतात बकरी विकू. मी म्हणते कॉन्व्हेंटची व्हॅन बंद करू, मी सोडून येत जाईन पोरीला. सासूबाई बकरीच्या बाजूने नाहीत आणि व्हॅनच्याही नाहीत. पुढच्या मंगळवारपर्यंत काय ते ठरवायचं आहे.