वाघाटीची उभी रांग

मार्चमध्ये गोव्यात पेडण्याकडच्या काजूच्या बागांत सगळ्यांच्या माना खाली असतात. बोंडू वेचायचे, बिया पिळून वेगळ्या करायच्या, हुर्राकचा, म्हणजे बोंडूच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूचा बेत ठरवायचा. गडग्यावर चढलेली वाघाटी फुलली काय नि नाही काय! ती लक्षात येते बाही अडकल्यावर. पानाच्या देठाशी जोडीने काटे, तेही मागे वळलेले. हात घालताना नुसते लागतात, काढताना रुततात. याच आकड्यांच्या जिवावर ती शेजारच्या झाडावर चढते.

वनस्पतिशास्त्रातली वर्णनं रुक्ष असतात म्हणतात. मला पटत नाही. 'कॅपॅरिस झेलॅनिका', म्हणजे आपल्या वाघाटीच्या वर्णनात कोवळ्या फांद्यांवरची गंजाच्या रंगाची लव येते, चिवट पानं येतात आणि मग येतं की फुलं पानाच्या बगलेच्या, म्हणजे पान फांदीला जुळतं त्या बेचक्याच्या वर, एकावर एक, उभ्या रांगेत लागतात. हे वाचून फांदी हातात धरा. खरंच, जिन्याच्या पायऱ्या! एरवी नुसता पांढरा झुबका दिसला असता.

फूल तर चक्रमच आहे. पाकळ्या चार, वरच्या दोघींच्या बुडाशी पिवळा डाग, फूल जुनं होताना तो लालजांभळा होतो आणि पाकळ्याही गुलाबी पडतात. लांबलचक पुंकेसरांचा पिसारा. त्यातून एक लांब दांडी बाहेर येते आणि तिच्या टोकावर इवलासा बीजांडकोश. फळ धरतं ते तिथेच, फुलापासून लांब. आषाढी एकादशीचा उपवास सोडताना देशावर द्वादशीला जी वाघाट्याची भाजी करतात, ती याच कडवट हिरव्या फळांची. पिकली की लाल होतात.

कळंगुटला पिझ्झ्यावर येणारे खारवलेले केपर म्हणजे हिच्या भूमध्यसागराकडच्या बहिणीच्या कळ्या. मोहरी-कोबीही दूरच्या नात्यातल्या. मोहरीचा तो झणका वाघाटी-केपरमध्येही आहे. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरांचे भाऊबंद म्हणूनच वाघाटीवर अंडी घालतात. त्यातलं एक चांगलं मोठं, पंखांची टोकं नारिंगी. त्याची हिरवी अळी डिवचली की पुढचं अंग उचलून, फुगवून बसते. थेट हरणटोळाचं, त्या हिरव्या सापाचं पिल्लू! माहीत असूनही मी हात मागे घेतो, आणि काटे आपलं काम करतात.